पोलिसांच्या हाताखाली बंदूकधारी स्वयंसेवक: मोठ्या आपत्तीची ही तयारी योग्य वाटते का?

हिक्सविलकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून हा विषय डोक्यात आहे. आता तो आमच्या गल्लीपर्यंत येऊन ठेपलाय, म्हणून लिहितोय.

आम्ही न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर, नॅसॉ काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) राहतो. मार्च २०२४ मध्ये इथले काउंटी प्रमुख ब्रूस ब्लेकमन यांनी एक आवाहन काढलं. वय २१ ते ७२, अमेरिकेचं नागरिकत्व आणि पिस्तुलाचा परवाना असलेल्यांनी नावं द्यावीत. चक्रीवादळ, वीजपुरवठा कोलमडणं, दंगल असं काही झालं तर शेरीफ (काउंटीचा कायदा राखणारा अधिकारी) त्यांना 'विशेष डेप्युटी' म्हणजे आपले मदतनीस म्हणून शपथ देणार आणि रुग्णालयं, वीजकेंद्रं, प्रार्थनास्थळं अशा जागी उभं करणार. नेहमीचे पोलीस मोकळे होतील, हा त्यामागचा विचार. आणीबाणीत असे डेप्युटी नेमायची मुभा राज्याच्या काउंटी कायद्यात आधीपासूनच आहे. विरोधकांनी याला खाजगी सेना म्हटलं, २०२५ मध्ये काउंटीच्या विधिमंडळातल्या विरोधी पक्षाच्या दोन सदस्यांनी दावाही लावला.

आमच्या शेजारच्या काकांनी नाव दिलंय. (इथले अमेरिकनच, पण आमची मुलं त्यांना काकाच म्हणतात.) माणूस सोन्यासारखा. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं, त्यानंतर आमच्याकडे बारा दिवस वीज नव्हती. लाँग आयलंडवरच्या दहातल्या नऊ घरांत अंधार होता. मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. काकांनी आपल्या जनरेटरची वायर कुंपणावरून आमच्या घरात टाकली आणि म्हणाले, आधी बाळाची खोली गरम करा, माझा फ्रीज नंतर बघू.

आता तेच मला म्हणतात, तूही परवाना काढ, आपल्या गल्लीतून दोघं झालो तर बरं. मी 'बघतो' म्हणालो आणि त्या रात्री झोप लागली नाही. बंदुकीबद्दल मला जे वाटतं ते नुसतं इथल्या वर्तमानपत्रांतून आलेलं आहे की त्यामागे काही अनुभव आहे, हे तपासायचंय. तुमच्या गावातलं, देशातलं काही माहीत असेल तर सविस्तर लिहा.

मुक्ता_टेक्सास

मी वेगळ्या बाजूने लिहिते, रागावू नका.

आमचं घर शहरापासून लांब आहे. ९११ लावला तर शेरीफची गाडी यायला चाळीस मिनिटं लागतात, तीही रस्ता कोरडा असेल तर. २०१७ ला हार्वी चक्रीवादळ आलं तेव्हा तीन दिवस कुणीच आलं नाही. इथे शेरीफच्या हाताखाली राखीव डेप्युटी असणं ही जुनी पद्धत आहे. गावचा पशुवैद्य, शाळेचा प्रशिक्षक, गॅरेजवाला, सगळे आठवड्याला काही तास फुकट काम करतात. लोक त्यांना ओळखतात, तेही लोकांना ओळखतात.

बंदुका तर तशाही घराघरांत आहेत. वादळानंतर प्रत्येक जण आपापली घेऊन दारात बसणार. त्यापेक्षा त्यातल्या शहाण्या शंभर जणांची पार्श्वभूमी तपासा, त्यांना कायदा शिकवा, त्यांच्यावर अधिकारी नेमा. हे जास्त सुरक्षित नाही का?

हिक्सविलकर

मुक्ताताई, रागावतोय कशाला, हेच ऐकायचं होतं. 'तशाही आहेत' या मुद्द्याला माझ्याकडे चटकन उत्तर नाही.

सँडीनंतरचं एक सांगतो. पेट्रोलसाठी चार चार तासांच्या रांगा होत्या. ९ नोव्हेंबरपासून नॅसॉ आणि शेजारच्या सफोक काउंटीत गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम चालू झालं. एका पहाटे मी लाल डबा घेऊन रांगेत उभा होतो. पुढे दोघांची जुंपली, एकाने दुसऱ्याचा डबा लाथाडला. तिथे एकच पोलीस होता, पन्नाशीचा, दमलेला. तो दोघांच्या मध्ये जाऊन नुसता उभा राहिला, हात खिशात घालून. आणि म्हणाला, टँकर निघालाय, सगळ्यांना मिळेल. टँकर खरंच आला. सगळा तणाव त्या एका बातमीने उतरला होता.

रानफूल

ओरेगनमधून लिहितेय. मुक्ता, तुझा मुद्दा मान्य, पण सप्टेंबर २०२० मध्ये आमच्याकडे काय झालं ते ऐक.

वणव्यांनी आकाश केशरी झालं होतं, पोर्टलंडच्या पूर्वेकडची गावंच्या गावं रिकामी करत होते. त्यात अफवा उठली की राजकीय कार्यकर्ते मुद्दाम आगी लावतायत. झालं, लोकांनी बंदुका घेऊन रस्त्यांवर नाके उभारले. बातमीदारांना, घर सोडून निघालेल्या कुटुंबांना अडवून विचारायला लागले, कुठून आलात, फोटो का काढताय. एफबीआयला जाहीर सांगावं लागलं की या अफवा खोट्या आहेत आणि त्यांच्या मागे फिरण्यात आगीशी लढणाऱ्यांचा वेळ जातोय. क्लॅकमस काउंटीच्या शेरीफलाही नाके बंद करा म्हणून विनवावं लागलं. आणि त्याच खात्यातला एक डेप्युटी तीच अफवा बोलताना व्हिडिओत सापडला, त्याला रजेवर पाठवलं!

म्हणजे बघ, शपथ घेतलेला, पगारी, प्रशिक्षित माणूससुद्धा अफवेपासून सुटला नाही. आम्ही त्या रात्री मैत्रिणीला आणायला निघालो होतो. नवरा म्हणाला, माझा रंग बघून नाक्यावर काय होईल सांगता येत नाही, तू चालव. त्या वाक्याने आगीपेक्षा जास्त भीती वाटली मला.

कृष्णाकाठ

आम्ही सांगलीचे. आमच्याकडं बंदुकीचा प्रश्नच येत नाही, पण आपत्तीत स्वयंसेवक म्हणजे काय ते २०१९ नं आम्हाला चांगलंच शिकवलंय.

आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली, बाया-पोरं. नाव हाकणारे गावचेच, जीव तोडून फेऱ्या मारत होते. धाडसात तसूभर कमी नव्हती. कमी काय होतं? लाइफ जॅकेट. आणि 'बास, आता एकही माणूस नको' असं ठामपणे सांगणारा माणूस.

त्यानंतर आपदा मित्र योजनेतनं पोरं तयार झाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना ती, २०१६ ला ३० पूरप्रवण जिल्ह्यांपासून सुरू झाली आणि पुढं ३५० जिल्हे, एक लाख स्वयंसेवक अशी वाढवली. माझा पुतण्या त्यात आहे. त्यांना दोराच्या गाठी, बोट, छातीवर दाब देऊन हृदय चालू करणं, बुडत्याला मागनं कसं धरायचं हे शिकवलं. घरी येऊन त्यानं रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या पोत्यात भरून तरंगती पेटी करून दाखवली. आमची आई ऐंशीची, ती म्हणाली, आदी ही का न्हाई शिकवली रं. २००५ च्या पुरात तिचा भाऊ गेला होता.

बंदूकवाला उभा करायचा खर्च आणि वेळ आहे ना, तो ह्यात घाला, एवढंच माझं म्हणणं.

निवृत्त_सुभेदार

मी फौजेत २४ वर्षं काढली, त्यातली बरीच जम्मूत. थोडं दुसऱ्या बाजूनेही बघा.

१९९५ मध्ये डोडा भागात ग्रामसंरक्षण समित्या सुरू झाल्या. डोंगरात विखुरलेली घरं, पोलीस चौकी पायी चार तासांवर. गावकऱ्यांना थ्री नॉट थ्री रायफली दिल्या. पुढे २०२२ मध्ये त्यांना 'ग्रामसंरक्षक' असं नवं नाव आणि मानधन मिळालं. १ जानेवारी २०२३ ला राजौरीतल्या डांगरी गावात अतिरेक्यांनी घरात शिरून माणसं मारली, तेव्हा एका गावकऱ्याने आपली जुनी रायफल चालवली म्हणून ते पळाले. तिथे बंदूक नसती तर आणखी घरं गेली असती. त्यामुळे 'नागरिकाच्या हातात शस्त्र नकोच' असं मी सरसकट म्हणणार नाही.

पण तिथे शत्रू ठरलेला होता आणि तो गोळी झाडत आला होता. पुरात, भूकंपात, वादळात शत्रू कोण? समोरून येणारा माणूस चोर आहे की आपल्या आईला शोधतोय, हे अंधारात कोण ठरवणार? आम्हाला फौजेत नागरी मदतीला पाठवायचे तेव्हा फावडी, दोर, तंबू, पाण्याच्या टाक्या ट्रकमध्ये आधी चढायच्या. आणि गोळी कधी चालवायची यापेक्षा कधी चालवायची नाही, यावर जास्त सराव व्हायचा, वर्षानुवर्षं. दोनचार शनिवार-रविवारच्या वर्गात तो संयम अंगी येत नाही. ओक्लाहोमात टल्सा इथे २०१५ मध्ये ७३ वर्षांच्या राखीव डेप्युटीने विजेच्या झटक्याचं टेझर समजून पिस्तूल चालवलं आणि जमिनीवर दाबून धरलेला नि:शस्त्र माणूस मेला. त्याला ४ वर्षांची शिक्षा झाली. तो स्वयंसेवकच होता.

तोक्योची_रजनी

मी जपानमध्ये १९ वर्षं आहे. या विषयावर लिहिताना १ सप्टेंबर १९२३ विसरता येत नाही.

दुपारी १२ ला दोन मिनिटं कमी असताना भूकंप झाला. घराघरांत चुली पेटलेल्या, त्यामुळे आग लागली. तोक्यो, योकोहामा आणि आसपास मिळून लाखाच्या वर माणसं गेली. त्याच संध्याकाळपासून अफवा सुरू झाली की कोरियन लोक विहिरींत विष टाकतायत, आगी लावतायत. वस्त्यावस्त्यांतून 'जिकेइदान' म्हणजे स्वसंरक्षण पथकं उभी राहिली. तलवारी, बांबूचे भाले, आग विझवणाऱ्यांचे आकडे घेऊन. ही अफवा पसरवण्यात पोलिसांचा आणि गृहखात्याचाही हात होता, सरकारी बिनतारी संदेशातूनच ती पुढे गेली. नाक्यावर माणसाला अडवून 'पंधरा येन पन्नास सेन' जपानीत म्हणायला लावायचे. उच्चार अडखळला की संपलं. काही हजार कोरियन मारले गेले, शेकडो चिनी, आणि बोलीभाषा वेगळी असलेले दूरच्या प्रांतातले जपानीसुद्धा.

त्यातला एक माणूस मात्र मला फार जवळचा वाटतो. योकोहामाजवळ त्सुरुमी पोलीस ठाण्याचे प्रमुख ओकावा त्सुनेकिची. त्यांनी शेकडो कोरियन आणि चिनी लोकांना आश्रय दिला. जमाव चालून आला, तेव्हा विषारी म्हणून आणलेलं पाणी त्यांनी सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं, असं सांगतात. मोठ्या आपत्तीत पोलिसाने काय करावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

तोक्योत योकोअमिचो बागेत त्या कोरियन मृतांसाठी १९७३ पासून एक शिळा आहे. मी दरवर्षी १ सप्टेंबरला जाते. उन्हाने दगड तापलेला असतो, लोक त्याच्यावर पाणी ओततात. माझी जपानी अजून अडखळते. तिथे उभं राहिलं की ते पंधरा येन पन्नास सेन आपोआप मनात म्हणून बघितलं जातं.

रानफूल

रजनी, अंगावर काटा आला.

आणि हे शंभर वर्षांपूर्वीचं जपान म्हणून बाजूला ठेवायला नको. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली अशी व्हॉट्सॲपवर अफवा. भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात टाळेबंदीत चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक. गावं रात्री गस्त घालत होती, स्वतःच्या रक्षणासाठीच. आपल्याकडे तेव्हा हातात काठ्या आणि दगड होते.

मानसेवी_होमगार्ड

लिहायची सवय नाही, पण हा धागा दोनदा वाचला, म्हणून लिहितो.

बंदूक हाताळायला शिकलेला, गणवेश घातलेला, बिनपगारी स्वयंसेवक आपल्याकडे फार जुना आहे. ६ डिसेंबर १९४६ ला मुंबई प्रांतात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना होमगार्ड उभं राहिलं. आमचं ब्रीद 'निष्काम सेवा'. मी लातूरच्या पथकात होतो. शिबिरात थ्री नॉट थ्री चालवायला शिकलो. पहिल्या फैरीला खांदा आठ दिवस सुजला होता. पण बंदोबस्ताला हातात काठी आणि तोंडात शिट्टी. विसर्जन, निवडणूक, उरूस, सगळं काठीवरच निभावलं.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाचा बंदोबस्त करून रात्री उशिरा आडवे झालो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. सकाळी आम्हाला किल्लारीकडे पाठवलं. दगड-मातीची घरं पार बसली होती, गल्ली कुठली आणि घर कुठलं कळत नव्हतं. त्यात पाऊस. आणि बघ्यांची गर्दी! मोटारसायकली, जीपगाड्या, टेम्पो भरभरून लोक नुसतं बघायला येत होते. रुग्णवाहिकेला वाट मिळेना. आमचं निम्मं काम रस्ता मोकळा करण्याचंच होतं. हे काम पोलिसांच्या हाताखाली स्वयंसेवकच करू शकतात, तेवढी पोलिसांची संख्या कुठल्याच जिल्ह्यात नसते. म्हणून त्या न्यूयॉर्कच्या साहेबांना जादा माणसं हवीत, हे मला पटतं.

दुसऱ्या की तिसऱ्या रात्री मी ढिगाऱ्यावर पहाऱ्याला होतो. मातीखाली दागिने, पैसे, लोकांचं आयुष्यभराचं किडुकमिडुक. चोऱ्या होतायत अशी बोलवा होती, वरून सांगितलं होतं, कुणाला फिरकू देऊ नका. रात्री एकच्या सुमाराला एक जण वाकून माती उकरताना दिसला. मी शिट्टी मारली, तो थांबला नाही. ओरडलो, तरी नाही. जवळ जाऊन काठी उगारली आणि बॅटरी तोंडावर मारली. पन्नाशीचा माणूस, नखं सोललेली, रक्त आलेलं. कानाला धक्का बसून ऐकू येत नव्हतं त्याला. भावाच्या घरावर बसला होता. मला हाताने खुणावत होता, इथून आवाज येतोय, इथून. त्याला स्वतःला तर काही ऐकू येत नव्हतं.

मी काठी टाकली आणि त्याच्यासोबत उकरायला बसलो. उजाडेपर्यंत. कुणी जिवंत सापडलं नाही.

त्या रात्री माझ्याकडे रायफल असती तर? दोन हाका देऊन झाल्या होत्या, अंधार होता, हुकूम होता. मी तेव्हा २२ वर्षांचा होतो. हा प्रश्न गेली तीस वर्षं माझ्याजवळ आहे. तुमच्या शेजारच्या काकांना सांगा एवढं.

मुक्ता_टेक्सास

दादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, उठून अंगणात गेला.

माझा मूळ मुद्दा मी पूर्ण सोडत नाही. लांबच्या वस्तीत मदत पोचत नाही हे खरंच आहे आणि तिथे शेरीफला माणसं लागतात. पण हार्वीच्या त्या तीन दिवसांत आमच्याकडे जे आले, ते लुइझियानातून आपापल्या मासेमारीच्या बोटी ट्रेलरवर लादून आलेले लोक होते. 'केजन नेव्ही' म्हणतात त्यांना, २००५ च्या कत्रिना चक्रीवादळापासूनचं नाव. सासूबाईंना खांद्यावर घेऊन बोटीत बसवलं, त्यांच्या औषधांचा डबा दाताने धरला होता त्या पोराने. त्याच्या कमरेला पिस्तूल होतं की नाही मला आठवतसुद्धा नाही.

अनघा_वकील

कत्रिनाचं नाव निघालं म्हणून. ते न्यू ऑर्लीन्सवर आलं २९ ऑगस्ट २००५ ला, म्हणजे आपल्या २६ जुलैनंतर जेमतेम महिन्याने. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या रात्री मुंबईत लोकांनी अनोळखी माणसांना घरात झोपवलं. न्यू ऑर्लीन्समध्येही बहुतेकांनी तेच केलं, पण बातम्या लुटालुटीच्या आणि खुनांच्या चालल्या, आणि त्यातल्या भयंकर म्हणून सांगितलेल्या बऱ्याच पुढे खोट्या निघाल्या. तोवर व्हायचं ते होऊन गेलं. अल्जियर्स पॉइंट भागात गोऱ्या रहिवाशांनी शस्त्रं घेऊन नाकेबंदी केली आणि फेरी धक्क्याकडे निघालेल्या कृष्णवर्णीयांवर गोळ्या झाडल्या. एका आरोपीला शिक्षा व्हायला २०१९ उजाडलं. ४ सप्टेंबरला डँझिगर पुलावर तर पोलिसांनीच नि:शस्त्र लोकांवर गोळीबार केला. दोन मेले, चार जखमी.

कायद्याच्या बाजूने एकच मुद्दा. ५ जुलै २०११ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या विशेष पोलीस अधिकाऱ्यांबाबत निकाल दिला. जेमतेम पाचवी शिकलेल्या तरुणांना महिना ३००० रुपये मानधनावर बंदुका देऊन नक्षलवाद्यांसमोर उभं करणं घटनाबाह्य ठरवलं. त्यांच्याही जिवाचा आणि समानतेचा हक्क त्यात मोडतो म्हणून. आपण नेहमी समोरच्याचा विचार करतो. पण बंदूक हातात दिलेल्या स्वयंसेवकाचं काय? चुकून गोळी लागली तर खटला कुणावर, विमा कुणाचा, वकील कोण देणार? हिक्सविलकर, काकांनी हे लेखी विचारून घ्यायला हवं.

हिक्सविलकर

आठ दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. काकांना घरी चहाला बोलावलं होतं. होमगार्ड दादांचा प्रतिसाद मी त्यांना इंग्रजीत सांगितला, जमेल तसा. नखांचं सांगताना माझाच आवाज गेला. काका बराच वेळ कप हातात धरून बसले. मग म्हणाले, माझी नजर रात्री पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे मी अर्जात लिहिलेलं नाही. त्यांनी नाव मागे घेतलेलं नाही. मी तसा आग्रहही धरला नाही, तो त्यांचा निर्णय. पण अनघाताईंचे प्रश्न त्यांनी कागदावर उतरवून घेतलेत आणि काउंटीला पत्र लिहिणार आहेत.

मी परवाना काढणार नाही. त्याऐवजी सर्टच्या (कम्युनिटी इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम) वर्गाला नाव दिलंय. आपत्तीत शेजाऱ्यांनी काय करावं याचं हे प्रशिक्षण १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने सुरू केलं. त्याच वर्षी मेक्सिको सिटीच्या भूकंपात साध्या लोकांनी ८०० च्या वर माणसं ढिगाऱ्यातून काढली, पण काढताना शंभरावर स्वयंसेवकच मेले. ते वाचून कृष्णाकाठ यांचं ब्रह्मनाळ आठवलं.

आणि गेल्या रविवारपासून आम्ही दोघं गल्लीतल्या घरांची यादी करतोय. २३ घरं आहेत, १४ झाली. जनरेटर कुणाकडे, लाकूड कापायची करवत कुणाकडे, गॅसचा मुख्य कॉक कुठे, एकटं कोण राहतं. बारा वर्षं समोर राहणाऱ्या बाईंना ऑक्सिजनचं यंत्र लागतं, हे मला परवा कळलं. वीज गेली की त्यांच्याकडे चार तास. काकांनी त्यांच्या घराचा नंबर यादीत सर्वांत वर लिहिला, लाल शाईने, आणि वायर तिथपर्यंत पोचते का ते पावलं टाकून मोजून आले. तीस फूट कमी पडते.

एक विचारायचं होतं. कुणाच्या सोसायटीत किंवा गावात अशी यादी आधीपासून ठेवता का? त्यात काय काय रकाने ठेवलेत? आणि ऑक्सिजनवरच्या माणसासाठी बॅटरीची सोय कुणी केली असेल तर किती क्षमतेची घेतली, ते प्लीज सांगा.

कृष्णाकाठ

आमच्या गल्लीची आहे. पुतण्याला विचारून आज रात्री टाकतो. एक रकाना नक्की ठेवा: पोहता येतं का. आणि जनावरं.